महागडा कॅमेरा ऑनलाइन विकून कुरिअरने पाठवताना: पॅकिंग, विमा आणि पुरावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकहून दोन वर्षांपासून वापरलेल्या लेन्सेस आणि कॅमेऱ्याचे सुटे सामान ऑनलाइन विकत आहात. आतापर्यंतची प्रत्येक वस्तू पाच-सात हजारांच्या आतली होती. आता प्रथमच एक फुल-फ्रेम बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ७०-२०० मिलिमीटरची लेन्स असा १,१८,००० रुपयांचा जोड गुवाहाटीच्या एका ग्राहकाने घेतला आहे आणि तो पाठवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे. पॅकिंग कसे करावे, विमा काढावा का, आणि ‘डबा उघडला तर आत लेन्सच नव्हती’ असे ग्राहकाने सांगितले तर काय करावे, हे तीन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारले आहेत. मी पुण्यात चौदा वर्षे हाच व्यवसाय करतो आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे हे तीन प्रश्न वेगळे नाहीत. पॅकिंग कच्चे असेल तर विम्याचा दावा नाकारला जातो, आणि पॅकिंगचा पुरावा नसेल तर चांगले पॅकिंग केले होते हे कोणी मान्य करत नाही. म्हणून पेटी बांधताना आपण एकाच वेळी वस्तूही बांधत असतो आणि उद्याच्या दाव्याची कागदपत्रेही तयार करत असतो, हे डोक्यात ठेवून पुढचे वाचावे.

सुरुवात घोषित मूल्यापासून, म्हणजे आपण पावतीवर लिहून देतो त्या वस्तूच्या किमतीपासून करतो, कारण नवा विक्रेता सर्वांत मोठी चूक इथेच करतो. २०१५च्या दिवाळीआधी मी ६२,००० रुपयांची एक लेन्स बंगळुरूला पाठवली. काउंटरवरच्या माणसाने ‘साहेब, मूल्य कमी लिहा, उगाच जास्त चार्ज लागेल’ असे सुचवले आणि मी पावतीवर २,००० रुपये लिहिले. त्यात माझे तीनशे-साडेतीनशे रुपये वाचले. पेटी बंगळुरूच्या हबपर्यंत (कुरिअरच्या पार्सले जमा करून वाटणाऱ्या मोठ्या केंद्रापर्यंत) पोचल्याची नोंद झाली आणि त्यापुढे ती कोणालाच सापडली नाही. दोन महिने पाठपुरावा केल्यावर कुरिअरने मला नियमाप्रमाणे २,००० रुपये दिले. त्यांच्या बाजूने ते चुकीचे नव्हते. मीच सही करून वस्तू दोन हजारांची आहे असे सांगितले होते. ६२,००० रुपये मी ग्राहकाला खिशातून परत केले. त्या दिवसानंतर मी एकाही पार्सलवर खोटे मूल्य लिहिलेले नाही.

कुरिअर कंपनीची स्वतःची जबाबदारी मुळातच किती मर्यादित असते, हे समजून घेतले पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ हा कायदा आहे आणि घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही त्याच्या व्याख्येत येतात. पाठवणाऱ्याने जास्त मूल्य घोषित करून त्याप्रमाणे जादा जोखीम-दर मान्य केला नसेल, तर २०११च्या नियमांनुसार नुकसानभरपाई भाड्याच्या दहा पटींवर थांबते. तुम्ही ९०० रुपये भाडे दिले असेल तर ९,००० रुपये, मग आत सव्वा लाखाचा कॅमेरा असो. याच कायद्यानुसार माल हरवला किंवा खराब झाला तर न्यायालयात दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिलेली असावी लागते. ‘बघतो, शोधतो, दोन दिवसांत कळवतो’ असे ऐकत सहा महिने घालवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. फोनवर कितीही गोड बोलणे झाले तरी आठवड्याभरात ई-मेलने आणि पोचपावती मिळेल अशा टपालाने लेखी तक्रार जाऊ द्या. टपाल खात्याचेही तसेच आहे. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यापासून बहुतेक लोक स्पीड पोस्टनेच वस्तू पाठवतात. पण वेगळा विमा न घेतलेले स्पीड पोस्ट हरवले तर ठरलेली भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल तेवढीच मिळत आली आहे.

त्यामुळे विमा काढावा का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे एका शब्दात देता येते, परंतु कोणता विमा, हे त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कुरिअरच्या पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ आणि ‘कॅरिअर्स रिस्क’ असे दोन रकाने असतात. पहिल्यावर टिक असेल तर जोखीम तुमची. दुसऱ्यासाठी मूल्याच्या प्रमाणात ‘एफओव्ही’ नावाचा आकार घेतला जातो. हा आकार म्हणजे विमा नव्हे. तो कुरिअरने स्वतः घेतलेली मर्यादित जबाबदारी आहे आणि तिच्या अटी पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्या अटींत कॅमेरा, घड्याळ, मोबाइल, दागिने असे प्रकार वगळलेले आहेत का, हे बुकिंगआधी वाचा, आणि कळत नसेल तर शाखेला ई-मेल करून लेखी उत्तर मागा. खरा विमा म्हणजे विमा कंपनीची वाहतूक पॉलिसी. देशांतर्गत रस्ते व रेल्वे वाहतुकीसाठी तिचे अ, ब आणि क असे तीन कलम-संच असतात. ‘क’मध्ये आग आणि वीज पडणे एवढेच येते. ‘ब’मध्ये त्याखेरीज गाडी उलटणे, टक्कर अशी नावे घेऊन सांगितलेली संकटे येतात. चोरी, हरवणे, हाताळणीतली तूटफूट हे सर्व ज्यात येते तो ‘अ’, आणि आपल्या वस्तूला तोच लागतो. कमी हप्त्याच्या मोहाने ‘ब’ घेतलेल्या एका ओळखीच्या विक्रेत्याची लेन्स हबमध्ये उंचावरून पडली. गाडी कुठेच आदळली नव्हती, त्यामुळे त्याला काहीच मिळाले नाही. वर्षाला पाच-सहाच महागडी पार्सले जाणार असतील तर एकेका खेपेची पॉलिसी पुरते. महिन्याला दहा-बारा जाऊ लागली की वर्षभराची ओपन पॉलिसी सोयीची पडते. पुण्या-नाशिकातल्या कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीच्या शाखेत हे काम होते, मात्र ‘मरीन’ विभागात विचारावे लागते, कारण ट्रकने जाणाऱ्या मालाचा विमाही त्याच विभागाकडे असतो.

‘अ’ कलमांतही काही गोष्टी वगळलेल्या असतात आणि त्यांतली एक आपल्या कामाची आहे: अपुरे किंवा अयोग्य पॅकिंग. विमा कंपनीचा सर्वेक्षक तुटलेली वस्तू बघण्याआधी पेटी बघतो. ती तीनच पदरी पुठ्ठ्याची असेल, आत रद्दी कोंबलेली असेल, तर तो अहवालात एक ओळ लिहितो आणि तुमचा दावा तिथेच संपतो.

आता प्रत्यक्ष पॅकिंग. लेन्स बॉडीला जोडलेली कधीही पाठवू नका. २०१२मध्ये मी तशी एक जोडी सोलापूरला पाठवली, चांगला जाड बबल रॅप गुंडाळून. बाहेरून पेटीला ओरखडाही नव्हता, पण दीड किलोच्या लेन्सने प्रत्येक धक्क्याला बॉडीच्या माउंटवर (लेन्स जिथे बसते त्या जागेवर) तरफेसारखा जोर दिला आणि माउंटची धातूची कडी एका बाजूने उचलली गेली. दोन्ही वस्तू वेगळ्या करा, लेन्सला पुढची व मागची झाकणे लावा, बॉडीला बॉडी-कॅप लावा, हूड (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची आडोशाची कड) उलटा करून बसवा आणि ट्रायपॉडची कडी सुटी करता येत असेल तर काढून वेगळी गुंडाळा. झाकणे वाटेत निघू नयेत म्हणून त्यांच्यावर कागदी मास्किंग टेपची एक पट्टी लावा. पारदर्शक चिकटपट्टी रबरावर आणि रंगावर डाग सोडते.

त्यानंतर प्रत्येक वस्तू झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत, सोबत सिलिका जेलची दहा ते वीस ग्रॅमची पुडी घालून बंद करा. नाशिकची हवा कोरडी असते म्हणून हे टाळू नका. तुमचे पार्सल गुवाहाटीला जाणार आहे आणि ब्रह्मपुत्रेच्या काठची दमट हवा लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला पुरेशी आहे. पुडीतले निळे दाणे गुलाबी झालेले असतील, किंवा केशरी दाण्यांचा रंग उतरून ते हिरवे पडलेले असतील, तर ती पुडी ओलावा पिऊन बसलेली आहे आणि तिचा उपयोग नाही. पावसाळ्यात मी वस्तू पॅक करण्याआधी रात्रभर ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) ठेवतो, कारण पिशवीत हवेबरोबर बंद झालेला ओलावा बाहेर जाऊ शकत नाही.

पिशवीवर बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या आणि लेन्स व बॉडी प्रत्येकी आपापल्या छोट्या पाच पदरी पेटीत बसवा. लेन्ससाठी सुमारे २८ × १६ × १६ सेंटिमीटरची आणि बॉडीसाठी जवळपास त्याच मापाची पेटी पुरते. या दोन आतल्या पेट्या एकमेकींना टेपने बांधून एक गठ्ठा करा आणि तो गठ्ठा बाहेरच्या, पाच किंवा सात पदरी पेटीत अशा रीतीने ठेवा की सहाही बाजूंना पाच सेंटिमीटरची जागा राहील. त्या जागेत ईपीई फोमचे तुकडे कापून घट्ट बसवा. पांढऱ्या रंगाचा, किंचित स्पंजासारखा हा फोम पुण्यात पॅकिंगच्या दुकानांत सपाट ताव्यांच्या रूपात मिळतो, आणि नाशिकमध्येही पॅकिंग साहित्याच्या ठोक दुकानात मिळेल. वर्तमानपत्राचे बोळे आणि थर्माकोलचे मणी या दोन्ही गोष्टी मी सोडून दिल्या आहेत. शेकडो किलोमीटरच्या हादऱ्यांनी बोळे दबतात, मणी खाली घसरतात, आणि गुवाहाटीला पोचेपर्यंत गठ्ठा पेटीच्या तळाला टेकलेला असतो. पेटी बंद करण्याआधी ती कानाजवळ धरून हलवा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर फोम कमी आहे, तो वाढवा.

पॅकिंग पुरेसे झाले का, याची एक सोपी चाचणी आहे आणि ती खऱ्या वस्तूवर करायची नसते. पॅकिंग तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरवणाऱ्या ‘इस्टा’ या संस्थेच्या मूलभूत चाचणीत सुमारे साडेनऊ किलोपर्यंतची पेटी ७६ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकली जाते: एकदा एका कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर प्रत्येकी एकदा. घरी मी हेच केले. लेन्सच्या जागी दीड किलो साखर भरलेली बरणी आणि बॉडीच्या जागी एक काचेचा डबा ठेवून, पेटी नेहमीप्रमाणे बांधून, ओट्यापेक्षा थोड्या खालच्या टेबलावरून दहा वेळा खाली टाकली. पहिल्या प्रयत्नात काचेचा डबा तडकला, कारण मी वरच्या बाजूचा फोम पातळ ठेवला होता. ती चूक खऱ्या कॅमेऱ्यावर कळली असती तर किती महाग पडली असती, याचा विचार करून मी आजही पेटीचे माप बदलले की ही चाचणी पुन्हा करतो. तुम्हीही एक दिवस या कामाला द्या.

पेटीचे पदर मोजण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. कोरुगेटेड पुठ्ठा कोरडा असताना भक्कम असतो, पण हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत गेली की त्याची वजन पेलण्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पावसाळ्यात हबमध्ये रात्रभर इतर पार्सलांच्या खाली दबून राहिलेली तीन पदरी पेटी सकाळी भज्यासारखी मऊ झालेली मी स्वतः उचललेली आहे. म्हणून पेटी नवी असावी, आधी एकदा वापरलेली नसावी, आणि पावसाळ्यात तिच्यावर बाहेरून एक जाड प्लास्टिक आवरण असावे. टेप ७२ मिलिमीटर रुंदीची घ्या आणि वरच्या-खालच्या दोन्ही तोंडांवर मधली शिवण व दोन्ही टोकाच्या कडा अशा तीन पट्ट्या मारा. व्यवसायात याला एच-टेपिंग म्हणतात.

या पेटीचे बाहेरचे माप साधारण ४० × ४४ × २८ सेंटिमीटर होईल. कुरिअरवाले हवाई पार्सलसाठी लांबी, रुंदी व उंचीचा गुणाकार ५,००० ने भागून आकारमानी वजन काढतात. इथे ४९,२८० भागिले ५,०००, म्हणजे ९.८६ किलो, म्हणजेच बिल दहा किलोंचे. प्रत्यक्ष वजन चार किलोंच्या आसपास असेल. दुप्पट-अडीचपट भाडे पाहून पेटी लहान करावीशी वाटेल, तरी ती करू नका. पॅकिंगच्या साहित्याचा आणि या जादा भाड्याचा खर्च मी विक्रीच्या किमतीतच धरलेला असतो. तुम्ही या वेळी तसा धरला नसेल, तर पुढच्या वेळी धरा.

बॅटरीविषयी थोडक्यात. कॅमेऱ्याची लिथियम-आयन बॅटरी साधारण १४ ते १६ वॅट-अवरची असते आणि ती विमान वाहतुकीच्या शंभर वॅट-अवरच्या मर्यादेत सहज बसते, पण ती असल्याचे कुरिअरला सांगावेच लागते. उपकरणात बसवलेली किंवा उपकरणासोबत बांधलेली बॅटरी धोकादायक मालाच्या यादीतल्या यूएन ३४८१ या वर्गात जाते आणि ठराविक अटींवर विमानाने जाऊ शकते. उपकरणाशिवाय एकटी पाठवलेली बॅटरी यूएन ३४८० मध्ये येते आणि ती २०१६पासून प्रवासी विमानातून पाठवता येत नाही. म्हणून जादाची बॅटरी मागाहून वेगळ्या पाकिटात विमानाने पाठवण्याचा विचार करू नका. बॅटरी काढून तिच्या संपर्कपट्ट्यांवर प्लास्टिकचे झाकण किंवा टेप लावा, चार्ज तीस टक्क्यांच्या आत ठेवा, आणि बॉडीच्या पेटीत वेगळ्या कप्प्यात ठेवा. न सांगितलेली बॅटरी विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसली तर पार्सल अडकते, आणि अडकलेले पार्सल जितके दिवस कोठारात पडून राहते तितकी त्याची जोखीम वाढते.

आता पुराव्याकडे येतो, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चौदा वर्षांत माझी फुटलेली पार्सले दोनच आहेत, तर ‘आत वस्तू नव्हती’ किंवा ‘ही ती वस्तू नव्हे’ असे वाद त्याच्या अनेक पट झाले आहेत. अशा वादात ग्राहक खोटे बोलतो आहे असे आधीच धरून चालू नका. बऱ्याचदा वस्तू वाटेत काढून घेतलेली असते आणि ग्राहकही तुमच्याइतकाच फसलेला असतो. चोरी कोणत्या टप्प्यावर झाली, हे दाखवता येणे हाच यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे.

व्हिडिओ एकाच सलग चित्रणात, न थांबवता घ्या. आधी ऑर्डरचा क्रमांक पडद्यावर दाखवा, मग बॉडी व लेन्सवरचे सिरीयल नंबर जवळून, अक्षरे वाचता येतील असे दाखवा. बॉडी सुरू करून एक छायाचित्र काढा, लेन्स उजेडासमोर धरून पुढची व मागची काच दाखवा, आणि मग तीच वस्तू चित्रचौकटीबाहेर न जाऊ देता पिशवीत, छोट्या पेटीत आणि मोठ्या पेटीत जाताना दिसू द्या. पेटी बंद झाल्यावर टेपच्या कडांवरून पुठ्ठ्यावर जाणाऱ्या दोन-तीन सह्या जाड मार्करने करा. कोणी टेप काढून नवी लावली तर सहीच्या रेषा जुळत नाहीत. यानंतर पेटी वजनकाट्यावर ठेवा, आकडा दाखवा, आणि शेवटी एडब्ल्यूबी क्रमांकाचे (कुरिअरने पार्सलला दिलेल्या क्रमांकाचे) लेबल लावताना चित्रण थांबवा. कॅमेरा स्टँडवर असावा, हातात नसावा. मूळ फाइल जपून ठेवा. ती व्हॉट्सॲपवरून पाठवली की तिचा दर्जा उतरतो आणि तिच्यातली मूळ माहिती निघून जाते. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालील प्रमाणपत्र द्यावे लागू शकते, आणि ते मूळ साधनातल्या मूळ फाइलवरून देणे सोपे जाते.

यातल्या वजनाला लोक महत्त्व देत नाहीत, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीन वर्षांपूर्वी मी कोचीला पाठवलेल्या एका पेटीचे वजन माझ्या काट्यावर ३,८४० ग्रॅम होते आणि ते मी इनव्हॉइसवर लिहिले होते. ग्राहकाला मी आधीच सांगून ठेवले होते की पेटी उघडण्याआधी ती घरातल्या काट्यावर ठेवून फोटो काढावा. त्याच्याकडे आकडा आला २,४१० ग्रॅम. कमी झालेले १,४३० ग्रॅम म्हणजे जवळपास नेमके लेन्सचे वजन. कुरिअर कंपनीच्या मोठ्या हबमध्ये प्रत्येक पेटी पट्ट्यावरून जाताना आपोआप मोजली जाते. त्यांच्या नोंदी मागवल्यावर मुंबईच्या हबमध्ये वजन बरोबर होते आणि शेवटच्या शाखेत ते कमी झाले होते, हे त्यांच्याच संगणकावरून उघड झाले. लेन्स परत मिळाली नाही, पण विम्याची पूर्ण रक्कम सात आठवड्यांत मिळाली, आणि ग्राहकावर एका शब्दानेही संशय घेण्याची वेळ आली नाही. ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हजार-बाराशे रुपयांत मिळतो.

पेटीच्या बाहेर काय आत आहे हे कळू देऊ नका. कॅमेरा कंपनीची रंगीत पेटी तशीच बाहेर ठेवून पाठवणे म्हणजे चोराला आमंत्रण आहे, आणि ‘फ्रॅजाइल’चे मोठे लाल लेबलही मी आता लावत नाही. हबमधल्या पट्ट्यावर दिवसाला हजारो पेट्या सरकतात आणि त्या लेबलकडे कोणी पाहत नाही. ज्याला पाहायचे असते, त्याला मात्र आत मौल्यवान काही आहे एवढे त्यातून कळते. इनव्हॉइस अपारदर्शक पाकिटात घालून बाहेर लावा आणि त्याची एक प्रत, पत्ता व दोन्ही फोन नंबरांसह, पेटीच्या आतही ठेवा. पावसात भिजून बाहेरचे लेबल निघून गेले तर आतली प्रत हीच त्या पेटीची ओळख उरते. पार्सल राज्याबाहेर जाणार आणि मूल्य ५०,००० रुपयांहून जास्त असल्याने ई-वे बिल (माल नेताना जीएसटीखाली लागणारे ऑनलाइन कागदपत्र) लागेल. ते आधी काढून ठेवा, नाहीतर पिकअपच्या दिवशी खोळंबा होतो.

ग्राहकाशी बोलतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. पैसे जमा झाल्याची खात्री बँकेच्या खात्यात किंवा ऑनलाइन बाजारपेठेच्या (ज्या संकेतस्थळावर विक्री केली त्याच्या) पॅनेलवर करा, स्क्रीनशॉटवर करू नका. विक्री झाल्यानंतर ‘पत्ता बदला’, ‘माझा भाऊ दुसऱ्या शहरात आहे, त्याच्याकडे पाठवा’, ‘हबवरून मीच उचलतो’ अशी विनंती आली तर सौजन्याने नकार द्या आणि ऑर्डर रद्द करून नवी करायला सांगा; बाजारपेठेचे विक्रेता-संरक्षण मूळ पत्त्यापुरतेच असते. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि वस्तूचे वर्णन प्रामाणिक असू द्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०नुसार सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. लेन्समध्ये धूळ असेल, बॉडीच्या तळाला खरचटलेले असेल, शटर ६२,००० वेळा चाललेले असेल, तर ते फोटोसह लिहा. जे आधीच लिहिले आहे त्यावर वाद होत नाही, आणि जे लपवले आहे त्यावर झालेल्या वादात तुमचा व्हिडिओही तुमच्याच विरुद्ध जातो. परत आलेले पार्सल घेताना तोच क्रम उलटा करा: डिलिव्हरीवाला समोर असतानाच वजन, सह्या आणि सहाही बाजू चित्रित करा, वजन कमी असेल तर पोचपावतीवर तसे लिहून मगच सही करा. पोचपावतीवर काही न लिहिता केलेली सही म्हणजे ‘सुस्थितीत मिळाले’ असे लिहून देणे असते.

तुमच्या या पार्सलसाठी माझा सल्ला असा आहे. ते सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे वाटेत रविवार कोठारात पडून राहणार नाही. पिकअपची वाट न पाहता पेटी स्वतः कुरिअरच्या मोठ्या शाखेत नेऊन द्या, समोर स्कॅन करून घ्या आणि शिक्का मारलेली पावती घ्या, कारण घरून उचललेल्या पेटीची पहिली नोंद कधीकधी दुसऱ्या दिवशी होते आणि त्या मधल्या रात्रीची जबाबदारी कोणीच घेत नाही. ओटीपी घेऊनच ताबा देणारी सेवा निवडा, कॅश ऑन डिलिव्हरी टाळा. आणि पेटी शाखेत देण्याआधी आजच ग्राहकाला फोन करून सांगा की पेटीचे वजन किती आहे, तिच्यावर सह्या कुठे आहेत, आणि ती उघडण्याआधी वजनाचा फोटो व सहाही बाजूंचे चित्रण त्याने करावे. माझ्या आजवरच्या कोणत्याही ग्राहकाला या फोनचा राग आलेला नाही. त्याचेही १,१८,००० रुपये त्या पेटीत असतात.